शेगडी वाढव

आमच्या माहेरी विझणे हा शब्द कुणी तोंडातून काढायचं नाही. दिवा शांत व्हायचा. बांगडी फुटायची नाही, वाढायची. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. रात्री जेवणं झाली की चूल वाढवायची, म्हणजे जळतं लाकूड ओढून काढायचं आणि निखारे राखेखाली झाकायचे. हे मला कुणी शिकवलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, तिथेही नाही. आईच्या तोंडून कानावर पडलं ते राहिलं. लग्न होऊन इकडे विलायतेत आले, हाउन्सलोला विमानातलं जेवण भरायच्या कारखान्यात आयुष्य काढलं, तरी शब्द तेच राहिले. कारखान्यात पंजाबी आणि गुजराती बायका होत्या, मोडक्या हिंदीवर भागायचं. इंग्रजी शिकले नाही. शिकता आलं असतं. मी कंटाळा केला.

नवरा गेल्यावर मुलाने मला हॅरोला आपल्या घरी आणलं. सून इथेच जन्मलेली, आईबाप मराठी, पण घरात इंग्रजी. मुलगा सकाळी ट्रेनने ऑफिसला गेला की दिवसभर आम्ही दोघीच. ती घरूनच काम करायची. माझ्याशी मात्र ती मराठीतच बोलायची, अडखळत, शब्द शोधत. तो खुर्ची, माझी दूध, असलं काहीतरी. त्या घरात दिवसा माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस होतं. आणि मी तिची प्रत्येक चूक तिथल्या तिथे पकडायचे. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत. मला वाटायचं, मी शिकवतेय.

मुलाने मागच्या खोलीत पेलेटची शेगडी बसवून घेतली. कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, चालते तीच घेतली, धुराड्याची नळी भिंतीतून बाहेर काढली, आणि भिंतीवर विषारी वायूचा अलार्म लावला. पेलेट म्हणजे भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या, आपल्याकडे गुरांना घालतात त्या गोळी पेंडीसारख्या. वरच्या टाकीत ओतायच्या. आतला स्क्रू फिरतो आणि थोड्या थोड्या कांड्या लोखंडी वाटीत पाडतो. वाटीला खाली भोकं असतात, त्यातून वारा येतो आणि जाळ धरतो. सगळं विजेवर. बटण दाबलं की आपोआप पेटते. बंद करायलाही बटणच, आणि मग गार होईपर्यंत आतला पंखा चालत राहतो. तो थांबायच्या आत प्लग काढायचा नाही, नाहीतर धूर खोलीत येतो. मुलाने हे एकदा करून दाखवलं. रोज सकाळी शेगडी गार असताना वाटी बाहेर काढायची, भोकं मोकळी करायची, राख व्हॅक्युमने ओढायची, तेही दाखवलं.

मी म्हटलं, जाळाचं मला शिकवू नका. शेगडी माझ्याकडे राहू दे.

ती माझ्याकडे राहिली. सून हातही लावायची नाही, कारण एकदा तिने शेगडीच्या दाराची काच पुसली तर मी तिला म्हटलं, तुमच्या गॅसवर बटणं पिरगाळून जाळ कळत नसतो.

आणि मी शेगडी चुलीसारखी चालवली. चूल कधी पुरती खरवडायची नाही, खाली राखेचं अंथरूण ठेवायचं, ऊब टिकते, हे माझ्या हातात बसलेलं. खालच्या खणातली राख मी काढायचे, पण वाटीतली तशीच ठेवायचे, वरून हाताने दाबून सारखी करायचे. मुलाने भोकं मोकळी कर म्हणून सांगितलेलं मी ऐकलं होतं. मला वाटलं, याला काय कळतं. याने जन्मात कधी चूल पेटवली आहे.

थोडे दिवस काही झालं नाही. मग जाळ बदलला. आधी तो आखूड आणि पिवळाधमक, नाचरा असायचा. आता लांब, तांबूस, आळसट झाला, टोकाला काळा धूर. दुपारपर्यंत काच काळी व्हायची. मला वाटलं कांड्या शेडमध्ये ओल्या झाल्या. पण कांडी मोडली तर कट्कन मोडत होती, ओली असती तर चुरा झाला असता. तरी मी मुलाला म्हटलं, तू आणलेल्या पिशव्याच वाईट.

त्या दिवशी मी हाउन्सलोला निघाले होते. कारखान्यातली माझी मैत्रीण, मराठी माणूस म्हणून तिथे तेवढीच एक होती. तिचा गुडघा बदलला होता, भेटायला जायचं होतं. सून मागच्या खोलीत शेगडीजवळ टेबल ओढून कामाला बसली होती. मी कोट घालत होते तेव्हा ती म्हणाली, "आई, माझा डोकं दुखतो आज."

मी म्हटलं, "माझं. माझं डोकं दुखतंय. ते डोकं असतं, तो नव्हे."

तिने मुकाट्याने म्हटलं, "माझं डोकं दुखतंय."

"हां, असं," म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

बसमध्ये बसल्यावर मला काळी काच आठवली. सकाळी पेटवली तेव्हाच धूर आत घुटमळत होता, मी शेगडीचं दार लावून दुर्लक्ष केलं होतं. बसमध्ये मनात आलं, आज नको, बंद असलेली बरी. फोन लावला. ती मीटिंगमध्ये असावी, हळू बोलत होती.

मी म्हटलं, "अगं, शेगडी वाढव."

"वाढवू? आता? आई, नक्की?"

"लगेच वाढव. प्रत्येक गोष्ट काय विचारत बसतेस."

"ओके आई," म्हणाली आणि फोन ठेवला.

मैत्रिणीकडे पोहोचले. ती पाय उशीवर ठेवून बसली होती. चहा झाला, गुडघ्याचं झालं, मग सुनांवर आलो. तिने आपल्या सुनेचं सांगितलं, मग मी माझ्या सुनेची नक्कल केली. माझा डोकं दुखतो आज. तोंड वाकडं करून, तिच्या आवाजात. मैत्रीण इतकी हसली की तिला टाके दुखायला लागले. मी आणखी एकदा करून दाखवली.

मी हसत होते तेव्हा घरी काय चाललं होतं ते मला नंतर कळलं.

वाढव म्हणजे मोठी कर. हे इथल्या शाळेत शिकलेल्या मुलीलाच काय, पुण्यातल्या आजच्या मुलीलाही तसंच कळेल. तिने शेगडी सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेली. स्क्रू कांड्या पाडत राहिला. खाली भोकं राखेने बंद, वारा नाही, त्यामुळे कांड्या जळेनात, नुसत्या वाटीत रास होऊन धुमसत राहिल्या. अलार्म वाजायला लागला. तिने बटण दाबून शेगडी बंद करायचा प्रयत्न केला, पण ती रास धुमसतच होती. तेव्हा तिने मागचं दार सताड उघडलं आणि नुसत्या मोज्यांवर बाहेर बागेत जाऊन उभी राहिली. तिथून तिने अग्निशमनवाल्यांना फोन केला, मग नवऱ्याला. प्लगला हात लावला नाही. शेगडीचं मी तिला कधी काही शिकवलं नव्हतं, तिने मुलाने दाखवलेलं नुसतं बघून लक्षात ठेवलं होतं.

मला मैत्रिणीच्या जावयाने गाडीने आणून सोडलं. दारात बंब उभा होता. दोन माणसं हातात मीटर धरून आतबाहेर करत होती. अॅम्ब्युलन्सच्या पायरीवर सून बसली होती, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, अंगावर शेजारच्या गुजराती बाईंची शाल. मुलगा तिच्याजवळ उकिडवा बसला होता. रस्त्यावरची माणसं आपापल्या दारात येऊन बघत होती.

मला भीती वाटली, आणि मला भीती वाटते तेव्हा मी ओरडते. शेजारच्या बाईंना मराठी समजतं, त्यांच्यासमोर मी म्हटलं, "मी हिला बसमधून फोन करून सांगितलं होतं. एक गोष्ट धड ऐकायची नाही."

सुनेने मास्क खाली ओढला. "आई, मी केली ना. तुम्ही सांगितलं तेच केली. वाढवली."

"वाढवली म्हणजे काय केलंस?"

"पाचवर. सगळ्यात वर."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, वाढव म्हणजे विझव, एवढंसुद्धा कळत नाही का. मराठी मुलगी म्हणवतेस.

 सून माझ्याकडे बघत होती. रागावली नव्हती. परीक्षेत अभ्यासाबाहेरचा प्रश्न आला की मूल बघतं, तशी बघत होती. मग मुलगा उभा राहिला. मला म्हणाला, "आई, मलाही नव्हतं माहीत. मी असतो तरी मी मोठीच केली असती." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग त्याने तिला विचारलं, सकाळपासून डोकं दुखत होतं का. ती म्हणाली, हो. आईंना सांगितलं होतं.

तो विषारी वायू दिसत नाही, वासही नसतो. आधी डोकं दुखतं, एवढीच खूण. अॅम्ब्युलन्समधल्या बाईने मुलाला सांगितलं, मुलाने मला. म्हणजे घरात काय होतंय ते मला सकाळीच कुणीतरी सांगितलं होतं, मराठीत सांगितलं होतं, आणि मी त्यातला माझा आणि माझं एवढंच ऐकलं होतं.

सून वाचली. संध्याकाळी तिला दवाखान्यातून घरी सोडलं. दोन-चार दिवसांनी शेगडीचा माणूस आला. त्याने वाटी बाहेर काढली आणि खिडकीकडे धरली. एकाही भोकातून उजेड दिसेना. राख तापून तापून तिची ढेप झाली होती, त्याने ती पेचकसाने ठोकून काढली. नळीही काजळीने भरली होती. त्याने काहीतरी विचारलं. तेवढं इंग्रजी मला कळतं. शेगडी साफ कोण करतं, असं तो विचारत होता. मी तिथेच उभी होते. सून म्हणाली, वी ऑल डू. आम्ही सगळेच करतो.

त्याने मान हलवली आणि तिघांनाही सांगितलं. वाटी रोज रिकामी झाली पाहिजे. पेटली नाही तर साचलेल्या कांड्यांवर पुन्हा पेटवायची नाही, गार होऊ द्यायची, रिकामी करायची, मगच. नळी वर्षाला झाडून घ्यायची. जाळ आळसट दिसला की बंद, आणि खिडक्या उघडायच्या. मुलगा मराठी करून सांगत होता. सून खाली बघत होती. माझा गुन्हा तिने तिघांत वाटून घेतला होता आणि मी तो वाटू दिला.

त्यानंतर ती माझ्याशी मराठी बोलेनाशी झाली. तोडून वागली नाही. चहा आणून द्यायची, गोळ्यांची आठवण करायची. पण टी, ओके, लंच, एवढंच. चूक होईल असं काही बोलायचंच नाही, असं तिने ठरवलं असावं. दिवसभर घरात आम्ही दोघी आणि मध्ये ते चार इंग्रजी शब्द. मला ते शब्द कळत होते, त्यामुळे मला तक्रारही करता येईना.

मुलाला मध्ये घालून काही सांगावं असं वाटलं होतं, पण ते बरं दिसलं नसतं. एका सकाळी मी गार शेगडीपुढे खाली बसले, वाटी काढली, पुरती खरवडली, सळईने एकेक भोक टोचलं. मग तिला हाक मारली. ती आली. मी वाटी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "बघ, उजेड दिसतो का."

तिने खिडकीकडे धरली. मान डोलावली.

मी म्हटलं, "तुझं डोकं दुखत होतं आणि मी तुला व्याकरण सांगत बसले. माझं चुकलं."

सासूने सुनेला असं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.  मला वाटलं ती म्हणेल, असू दे आई. तिने तसं म्हटलं नाही. "हो," म्हणाली आणि वाटी जागेवर बसवून दिली.

मैत्रिणीकडे केलेली नक्कल मी तिला सांगितली नाही. तेवढी हिंमत झाली नाही.

त्यानंतर शेगडी आम्ही दोघी बघतो. ती पेटवते, मी साफ करते. एकदा संध्याकाळी खोली फार तापली. ती लॅपटॉप मिटून शेगडीपाशी गेली, बोट बटणावर ठेवलं आणि माझ्याकडे वळली. किती दिवसांनी तिने माझ्याशी पुरतं वाक्य बोलायला घेतलं.

"आई, शेगडी..." पुढचा शब्द ती शोधत होती. वाढवू म्हणेना, बंदही म्हणेना. मग विचारलं, "विझवू?"

दिवेलागण झाली होती. देवापुढे निरांजन होतं. माझ्या आईने हा शब्द ऐकला असता तर कानावर हात ठेवले असते.

मी म्हटलं, "विझव."

तिने बटण दाबलं. जाळ खाली बसला. पंखा घरघरत राहिला.

"शेगडी विझवला," ती म्हणाली आणि लगेच गप्प होऊन माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी काही बोलणार याची वाट बघत होती. मारकुट्या मास्तरापुढे पाटी धरून पोर उभं राहतं, तशी. मी चूक काढली नाही, तरी ती थांबूनच होती. तिला ती सवय मी लावली होती.

मला तिच्याकडे बघवेना. पंखा थांबेपर्यंत मी काचेकडे बघत बसले.