नमुन्यापुरती एक फाइल

विश्रांतवाडीतल्या बाबुराव ओव्हाळांच्या घरात सहसा काही हरवत नसे. सगळी नोकरी सरकारी भांडाराच्या हिशेबात गेली, आणि निवृत्त झाल्यावरही ती शिस्त अंगातून गेली नाही. किल्ल्यांना चिठ्ठ्या लावलेल्या, औषधांच्या डब्यांवर तारखा घातलेल्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावरही फोल्डर ओळीने मांडलेले. त्यातल्या एका फोल्डरचं नाव होतं 'सुंदराबाई'.

सुंदराबाई म्हणजे त्यांची बायको. भीमजयंती असो की बुद्धपौर्णिमा, जवळच्या विहारात गाणं तिचंच. ते कुणाकडून घेतलेलं नसे. भाकऱ्या थापताना तिला सुचे. शाळा चौथीपर्यंत, लिहायचा मनस्वी कंटाळा. मोबाइल समोर धरला की घसा बसायचा. म्हणून संध्याकाळी ती कॉम्प्युटरशेजारी स्टूल ओढून बसे, सांगे, आणि बाबुराव टाइप करत.

"हळू सांग. 'घागर' झालं. पुढं?"

"पुढं तुमचं डोकं. असं सारखं अडवलं की गाणं पळून जातं, अहो."

छापून काढू या, असं ती म्हणाली की बाबुरावांचं उत्तर ठरलेलं असे. "आधी सगळ्या चुका काढू, मग एकदाच छापू." चुका काढण्यात वर्षं गेली आणि गेल्या उन्हाळ्यात सुंदराबाई गेली.

पहिला स्मृतिदिन जवळ आला तसं महिला मंडळाच्या सोनालीने विचारलं, "काका, काकूंच्या गाण्यांचं पुस्तक करताय ना? आम्हाला सगळ्यांना नुसतं ध्रुपद येतं. मधल्या ओळी काकूच म्हणायच्या, त्याही दर वेळी नव्या."

"सगळं कॉम्प्युटरात आहे. पेनड्राइव्हवर दुसरी प्रतही आहे," बाबुराव म्हणाले. हे सांगताना त्यांना वर्षभरात पहिल्यांदा थोडं बरं वाटलं.

मुखपृष्ठाला पिंपळपानांची महिरप हवी म्हणून त्यांनी इंटरनेटवर शोधाशोध केली. एका ठिकाणी ती फुकट मिळत होती. ती उतरवून घेतली आणि तिच्यासोबत नको ते घरात आलं. पडद्यावर जाहिरातींचा पूर लोटला, मशीन धापा टाकू लागलं. रविवारी मुलगा धम्मदीप हडपसरहून आला. तो एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याने विषाणू काढायचा प्रोग्रॅम चालवला, पेनड्राइव्हही त्यातून तपासून घेतला, आणि जेवायला बसताना म्हणाला, "पप्पा, जे जे लाल दिसलं ते सगळं उडवलंय. आता किरकोळ काही राहिलं असेल, फोनवर बघू."

किरकोळ बरंच राहिलं होतं. इंटरनेट लागेना, जाताना विषाणूने एक सेटिंग वाकडं करून ठेवलं होतं. ब्राउझर उघडला की भलतंच पान समोर येई. प्रिंटर यादीतून नाहीसा झाला होता. बाबुरावांनी फोनवर विचारून विचारून एकेक दुरुस्त केलं. प्रिंटरमधून चाचणीचा कागद बाहेर आला, त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी चहा केला आणि सवयीने दोन कप मांडले.

मग त्यांनी 'सुंदराबाई' उघडलं.

पहिल्या फाइलीत गाणं नव्हतं. उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलरची खूण, डोक्यावर टोप्या घातलेले स्वर, कंस. दुसरी फाइल तशीच. तिसरीही. टाइप करायचं मराठी सॉफ्टवेअर उघडून पाहावं तर तेही जागेवर नव्हतं. बाबुरावांनी पेनड्राइव्ह लावला. तिथेही तोच कचरा. म्हणजे विषाणू दोन्ही प्रतींत शिरला होता.

धम्मदीपला फोन लावला तेव्हा तो हलक्या आवाजात बोलत होता. "मीटिंगमध्ये आहे पप्पा. कचरा दिसतोय म्हणजे फाइली इन्फेक्टेड असणार. सारख्या उघडू नका, परत पसरेल."

"पसरेल म्हणजे? तुझ्या आईचे फोटो पण यातच आहेत."

"म्हणून तर म्हणतोय, खराब आहेत त्या डिलीट करा. तुमच्याकडे कॉपी असेलच. रविवारी येतो मी."

कॉपीही तशीच झाली आहे हे सांगायच्या आत फोन बंद झाला होता. बाबुराव दुपारपर्यंत खुर्चीत बसून राहिले. गाणी तर गेलीच होती. आता फोटो तरी वाचवायला हवे होते. रविवार लांब होता. भांडारात वाळवी लागलेला गठ्ठा कपाटात ठेवणारा माणूस ते नव्हते. विषाणू काढायच्या त्या प्रोग्रॅममध्ये 'कायमचे नष्ट करा' अशी एक सोय होती. नुसतं पुसलेलं परत आणता येतं, पण हे नाही, असं तिथं लिहिलं होतं. त्यांनी तीच निवडली. एकेक फाइल नावासकट नीट पाहून नष्ट केली. पेनड्राइव्ह पूर्ण कोरा केला.

फक्त एक फाइल ठेवली. भांडारात रद्द माल नष्ट करताना एक नमुना पाकिटात घालून ठेवायची पद्धत होती, पुढे कुणी विचारलं तर दाखवायला. नमुना लहानात लहान घ्यायचा हाही नियमच. त्यांनी सगळ्यात छोटी फाइल निवडली आणि कोऱ्या पेनड्राइव्हवर एकटी ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते कसबा पेठेत गेले. ते टाइपिंगचं सॉफ्टवेअर तिथल्या श्रीनिवास खाडिलकरांनी बनवलेलं होतं. एके काळी त्यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता आणि जोडाक्षरं मनासारखी मिळत नाहीत म्हणून त्यांनी स्वतःचा फाँट तयार केला होता. तो मोजक्याच लोकांकडे होता. बाबुरावांना वाटत होतं, सॉफ्टवेअर परत मिळालं तर आठवेल तेवढं पुन्हा लिहून काढावं.

"या. अजून आहात तर," खाडिलकर चष्म्यावरून बघत म्हणाले. "मला वाटलं माझा फाँट वापरणारा मीच एकटा उरलो."

"विषाणूने खाल्लं हो तुमचं सॉफ्टवेअर."

"विषाणूने नसेल खाल्लं. साफ करणाऱ्याने खाल्लं असेल. कुणी चोरू नये म्हणून मी त्याला एक कुलूप घातलंय. हल्लीच्या प्रोग्रॅमना ते कुलूप म्हणजे चोरच वाटतो. कुणी केली ही सफाई?"

"मुलाने. सॉफ्टवेअर कंपनीत आहे."

"मग बरोबर."

खाडिलकरांनी हसत हात पुढे केला. बाबुरावांनी पेनड्राइव्ह दिला. "यात एक फाइल आहे, नमुन्याला ठेवलेली. विषाणू आहे तिच्यात. जरा जपून."

खाडिलकरांनी फाइल उघडली. तोच कचरा पडद्यावर आला. त्यांनी तो सगळा निवडला, फाँटांच्या यादीतून एक नाव दाबलं आणि अक्षरं जागच्या जागी बसली.

*नळाच्या रांगेत माझी घागर पहिली,*
*भीमाच्या ओंजळीनं वाट मोकळी राहिली.*

"विषाणू कसला, ओव्हाळ? सॉफ्टवेअरबरोबर फाँटही गेला, आणि फाँट नसला की माझं मराठी असंच दिसतं. फाइलीला काहीसुद्धा झालेलं नाही." फाइलीत होत्या त्या दोनच ओळी खाडिलकरांनी पुन्हा वाचल्या. "कुणाच्या आहेत? चांगल्या आहेत. बाकीच्याही घेऊन या, दहा मिनिटांत सगळ्या उघडून देतो."

बाबुराव पडद्यावरच्या ओळींकडे बघत राहिले. खाडिलकरांना वाटलं, ऐकू गेलं नाही.

"म्हटलं, बाकीच्या आणा."

"बाकीच्या नाहीत."

"म्हणजे?"

"मी नष्ट केल्या. नीट, एकेक बघून."

खाडिलकरांनी उठून माठातलं पाणी दिलं. सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घालून दिलं आणि त्याबद्दल काही घ्यायला नाही म्हणाले.

रविवारी धम्मदीप आला. सगळं ऐकून तो बराच वेळ बुटांच्या नाड्या न सोडता दारातच बसून राहिला. मग त्याने लॅपटॉप काढला, पुसलेलं परत आणणारे दोन-तीन प्रोग्रॅम दिवसभर चालवले. पिंपळपानांची महिरप परत आली. जुन्या जाहिराती परत आल्या. आईचं काही आलं नाही.

"पप्पा, मी फोनवर नीट ऐकायला हवं होतं."

"तू पसरेल म्हणालास. पुसलं मी."



बाबुराव रोज संध्याकाळी सॉफ्टवेअर उघडून बसत. शेजारी स्टूल होतंच. घागरीच्या गाण्याची तिसरी ओळ काही केल्या आठवेना. इतकी वर्षं तिने ती गाणी त्यांच्या कानाशी म्हटली होती, आणि त्यांचं लक्ष सगळं कळफलकाकडे. एकेक शब्द ऐकायचा, उमटवायचा, सोडून द्यायचा. त्यांना आठवे ते स्वतःचंच बोलणं. हळू सांग. परत सांग. इथं काना की मात्रा?

स्मृतिदिनाला विहारात माणसं चांगली जमली. वंदना झाली. सोनालीच्या हातात बाबुरावांनी एक कागद ठेवला. तिने तो उलटून पाहिला, मागे काही नव्हतं.

"एवढंच, काका?"

"एवढंच."

बायकांनी ध्रुपद धरलं, 'पाणी भरते मी, पाणी भरते'. सोनालीने कागदावरच्या दोन ओळी म्हटल्या. पुन्हा ध्रुपद आलं. ते संपलं तशा बायका सवयीने थांबल्या, सुंदराबाई पुढची ओळ घेईपर्यंत थांबायच्या तशा. कुणी काही घेतलं नाही. त्यांनी ध्रुपद परत एकदा म्हटलं, मग अजून एकदा, जरा हळू, आणि मग एकमेकींकडे बघत गप्प झाल्या.

बाबुराव मागच्या भिंतीपाशी उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, पण त्यांतून येत होतं ते ध्रुपदच.