खाऊ आणि चारा

सुखदेव गेल्याचं मला मंगरूळपीरच्या बसस्टँडवर कळलं. वाशीमच्या गाडीतून उतरलेला एक ओळखीचा माणूस सहज म्हणाला, "तुमच्या बगीच्यातला माळी गेला ना परवा." त्याला आता दीड महिना झाला. 'तुमच्या' या शब्दाने मी ओशाळलो. बगीचा माझा कधी नव्हताच... मी तिथला कारकून, बगीचा सुखदेवचा.

वाशीमचा तो बगीचा केवढासा! एक कारंजं, एक घसरगुंडी आणि जाळीच्या आत सहा हरणं. रविवारी केनवडकडूनही माणसं लेकराबाळांना घेऊन हरणं बघायला यायची. पोरं गोळ्या-बिस्किटं आत फेकत आणि हरणांची पोटं बिघडत. म्हणून मी मोठ्या ऐटीत पाटी रंगवून घेतली : 'हरणांना खाऊ घालू नये'. आपल्या मराठीचा मला भारी गर्व होता.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. चारा मिळेना. हरणं जंगलात सोडून द्यावीत, असा कागद मीच तयार केला. जाळीत जन्मलेली ही जनावरं बाहेर जगायची नाहीत, हे सुखदेव परोपरीने सांगत होता. मी ऐकत नव्हतो. कागद सहीला जाणार त्या सकाळी बघतो तर जाळीपाशी ही गर्दी! माळणी कोबीची पानं, मेथीचे देठ घेऊन आलेल्या. कुणाच्या हातात मूठभर कडबा. सुखदेव सगळ्यांना रांगेत उभं करत होता. माझा पारा चढला.

"पाटी वाचता येत नाही का तुला?"

"येते ना सायेब. खाऊ घालू नये, असं लिवलं तुमी. खाऊ म्हंजे गोळी-बिस्कूट. चाऱ्याचं कुठी लिवलं?"

लोक खो खो हसले. मी आणखी चिडलो. "अन् पाणी? माणसांना प्यायला नाही, अन् तू हरणांना पाजतोस?"

"माह्या आंघोळीचं हाये. म्या आंघोळच सोडली. तुमाले वास येत असन तं दूर उभे राहा... पन तो कागद फाडा."

कागद मी फाडला. दयेने नव्हे, लाजेने. आज कबूल करतो. त्या उन्हाळ्यात दोन हरणं गेलीच. सुखदेव त्यांना पुरताना ढसाढसा रडला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टाकाऊ पानं गोळा करायला टोपली घेऊन पुन्हा बाजारात हजर. चार जगली, पुढे त्यांना पाडसं झाली. दुष्काळ सरला तरी त्याची बाजाराची फेरी कधी चुकली नाही.

बातमी कळताच मी वाशीमला परतलो. त्याच्या बायकोला, काशीबाईंना भेटलो. मग बगीच्यात गेलो. नवा माळी महिन्याभराने येणार होता. हरणं जाळीला तोंड लावून उभी होती. मला रडू आवरलं नाही. पण हरणांना माझ्या रडण्याचा काय उपयोग?

उठलो आणि बाजारात गेलो. भाजीवालीकडे कोबीची टाकाऊ पानं मागितली. ती माझ्या धोतराकडे, चष्म्याकडे बघत राहिली.

"काहून हो सायेब, बकरी पाळली काय?"

"नाही बाई," मी म्हणालो, "हरणं पाळलीत."