पाड लागायच्या आधीचे आठ दिवस

आंबा झाला आहे की नाही, हे मी अंगठ्याने ओळखतो. देठाच्या बाजूला अंगठा टेकवायचा. फळाचे खांदे वर उचललेले आणि देठ खळग्यात बसलेला लागला, तर फळ भरलं. खांदे उतरते लागले, तर हात काढून घ्यायचा. पूर्णा स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसायचो तेव्हा हे शिकलो. शिकवलं कुणी नाही, नासलेल्या मालाने शिकवलं. कच्चा उतरवलेला आंबा आढीत गवताखाली कितीही दिवस ठेवा, तो पिकत नाही, सुरकुततो. आज परभणीत माझं दुकान आहे, मागे आढी घालायला खोली आहे. गुडघे मात्र गेले, आणि भांडायची ताकदही आता दुपारपर्यंतच टिकते.

राणीसावरगावच्या शिवारात एका पाटलांची नऊ झाडं आहेत. गावरान, रसाचा आंबा. बरीच वर्षं तो मीच घेतो. आंबा उतरवायच्या दिवशी भाव ठरतो, आणि दर वर्षी झाडाखाली माझं पहिलं वाक्य एकच असायचं, "पाटील, माल कच्चा हाय." माल कच्चा नसायचा. त्यांनाही ते ठाऊक असायचं. "कच्चा हाय तर एवढ्या उन्हात कशाला आलाव, शेट?" असं ते म्हणायचे, मग वहिनी चहा आणायच्या आणि खरी घासाघीस तिथून पुढे व्हायची.

गेल्या वर्षी माल खरंच कच्चा होता.

पाटलांनी झाडाखालचे दोन पिवळे आंबे उचलून दाखवले. "हे बघा, पाड लागला." झाडावर आपोआप पिकून पडलेलं पहिलं फळ म्हणजे पाड, तो दिसला की आंबा उतरवायला मोकळं. मी चाकूने एक फोडला. कोयीत अळी.

"हा पाड न्हाई, पाटील. किडका आंबा आधी पिवळा होतो. आठ दिवस थांबा."

"तुमचं दर वर्षीचंच हाय हे."

"यंदा खरं सांगायलोय."

"मंजे आजपर्यंत खोटं सांगत होताव?"

असा पकडला गेलो की मला राग येतो. तुम्हाला आंब्यातला आणि बाभळीतला फरक कळत नाही, असं मी त्यांच्याच झाडाखाली उभं राहून, त्यांच्या गड्यांसमोर बोललो. दुसऱ्या दिवशी त्यांनी माल गंगाखेडच्या एका व्यापाऱ्याला दिला. त्याच्या आढीत तो सुरकुतला. पाटलांनी घरी खायला ठेवलेलाही सुरकुतला. हे कळल्यावर मी मोंढ्यातल्या बाजारात ज्याला त्याला सांगत सुटलो. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एवढी वर्षं फळाला हात लावतोय, आणि ज्या एका दिवशी खरं बोललो त्याच दिवशी मला खोटं ठरवलं, हे वर्षभर सलत राहिलं.

यंदा ज्येष्ठात धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक मास आला; यात जावयाला जेवायला बोलावतात. पाटलांच्या मुलीचं लग्न गेल्याच उन्हाळ्यातलं, म्हणजे जावयाचा पहिला धोंडा. जावयाच्या ताटात रस घरच्या झाडाचा पाहिजे, विकतचा चालणार नाही, असं वहिनींनी ठरवलेलं. पुन्हा आंबा सुरकुतला तर व्याह्यांपुढे मान खाली. पाटलांचा फोन आला.

"येऊन बघा. पण खरं सांगा."

"खरं सांगितलं की तुमी दुसऱ्याला देताव."

"या तर."

गेलो. गंगाखेडपर्यंत एसटी, पुढे जीप. बादली भरून घेतली आणि वेगवेगळ्या झाडांचे पाच आंबे पाण्यात सोडले. भरलेलं फळ बुडतं. दोन बुडाले, तीन वर तरंगत राहिले. पाटील वाकून बघत होते.

"अजून आठ दिवस," मी म्हणालो.

"बरं."

एवढंच. टोमणा नाही, घासाघीस नाही. जीपमध्ये बसून परत आलो. भांडण झालं असतं तर नीट झोप लागली असती.

पाचव्या दिवशी दुपारी वारं सुटलं. समोरच्या दुकानाचा पत्रा उडून रस्त्यावर आला आणि माझ्या डोळ्यापुढे ती नऊ झाडं आली. फोन करायचा धीर झाला नाही. संध्याकाळी त्यांचाच आला.

"दोन झाडं पार झडली, शेट."

मी शिव्यांची वाट बघत होतो. वाऱ्याला मी काय करू, हे ओठावर तयार ठेवलं होतं.

"बाकीचा कवा उतरवायचा?" त्यांनी विचारलं.

"ठरल्याच दिवशी," मी म्हणालो.

आठव्या दिवशी पुन्हा पाच आंबे पाण्यात सोडले, पाचही बादलीच्या तळाला गेले. झाडाखाली एक पिवळा पडला होता. फोडला, कोय स्वच्छ. ओट्यावर वहिनी वाऱ्याने झडलेल्या कैरीच्या फोडी वाळत घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बघा भावजी, ही तुमच्या आठ दिवसांची आंबोशी. लय झालीय, घेऊन जा थोडी."

पाटील म्हणाले, "बोला, भाव बोला."

सवयीने माझ्या तोंडून गेलं, "पाटील, माल..." आणि मी थांबलो. दोघं माझ्याकडे बघत होते. आधी वहिनी हसल्या.

"झालाय," मी म्हणालो. "उतरवा."

धोंड्यासाठीचे आंबे मी स्वतः निवडले. घरात गवत अंथरून दोनच थर लावून दिले, चार दिवस कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं. खाली वाकलो तो उठताना पाटलांना हात द्यावा लागला.

पुढे त्यांचा फोन आला. जावयाने तीन वाट्या रस घेतला, व्याही घरी न्यायला आंबे मागून गेले. बराच वेळ बोलले. मी ऐकत राहिलो, कारण एका वाक्याची वाट बघत होतो. गेल्या वर्षीही तुमचंच खरं होतं, हे मात्र त्यांनी अजून म्हटलेलं नाही.