बाजूला घेऊन सांगायची गोष्ट

मी खेळाचा मास्तर. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलं मला शिट्टी सर म्हणतात. सातवीला स्वच्छता शिकवायला विज्ञानाच्या बाई लाजल्या आणि तो तास माझ्या गळ्यात पडला. मग काय, मैदानावरून घामाघूम तसाच वर्गात शिरायचो आणि नखं, काखा, मोजे यांवर असा काही बोलत सुटायचो की विचारू नका! मी आलो की पुढच्या बाकावरच्या मुली पटापट खिडक्या उघडायच्या. मोकळ्या हवेचं महत्त्व पोरींना पटलं, म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायचो. घरी बायको मोजे दाराबाहेर काढायला लावते, पण तिचा स्वभावच किरकिरा.

काल शिकवलं, "मित्राच्या अंगाला वास येत असेल तर चारचौघांत हसू नका. बाजूला घ्या, आधी काहीतरी चांगलं बोला, मग हळूच सांगा."

आज तास संपला, मुलं दप्तरं भरत होती, मी फळा पुसत होतो. वर्गातली सगळ्यात वांड मुलगी जवळ आली.

"सर, जरा बाजूला येता का?"

"इथेच सांग की!"

तिने मागे वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "सर, तुम्ही शिकवता फार छान."

फळ्यावर उंच गेलेला माझा हात मुकाट्याने खाली आला.