बाबांची कॅरम पावडर

२९ नोव्हेंबर. लंडनच्या पिनर भागातल्या घराचा लॉफ्ट, म्हणजे पोटमाळा, आवरताना स्कीच्या जुन्या हातमोज्यांमधून डांबरगोळ्यांचा वास आला आणि बाबा आठवले.

सोळा वर्षांपूर्वी ते नागपूरहून आले होते. सोमवारी परतीचं विमान होतं आणि त्याआधी त्यांना एकदा तरी बर्फावरून घसरायचं होतं. म्हणून शुक्रवारी आम्ही स्कॉटलंडमधल्या एका स्की सेंटरला पोचलो. सीझन नुकताच सुरू झाला होता. वाऱ्यामुळे वरची लिफ्ट बंद होती आणि खालच्या उतारावर बर्फ इतका पातळ नि ओला होता, की मधूनमधून झुडपं डोकावत होती. बाबांची स्की जागची हलेना. तेव्हा त्यांनी घरून आणलेली कॅरम पावडर खिशातून काढून तिच्या तळाला चोळली.

"आता बघ, सोंगटीसारखा जातो."

स्की आणखीच चिकटली. भाड्याने स्की देणारी बाई पावडर खरवडत म्हणाली, "रात्री बर्फ गोठेल. उद्या लवकर या."

"उद्या पडलात तर सोमवारी विमानात कसे चढणार?" मी विचारलं.

"व्हीलचेअरवरून. रांग टळेल."

तेव्हा तो हट्ट मला पोरकट वाटला होता. आता पन्नाशी ओलांडल्यावर शहाणपणाचा वाटतो.

रात्रीत वारा पडला. सकाळी उतार गोठून पांढराशुभ्र झाला होता आणि बर्फ पायाखाली करकरत होता. मी बाबांचे बूट आवळले, त्यांना उताराच्या तोंडाशी उभं केलं आणि धरलेला कोपर सोडून दिला.