मिठागरातला माणूस आणि त्याची फळी

माझं चुकलं, हे आधीच सांगून टाकते. शेवटपर्यंत झाकून ठेवायचं आणि मग डोळ्यांना पदर लावायचा, असले प्रकार मला जमत नाहीत. उरणच्या बाजूला एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवते. मूळची मी घाटावरची. खाऱ्या जमिनीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. न कळणं हा काही गुन्हा नाही. ज्यांना कळत होतं त्यांनी सांगितलं आणि मी ऐकलं नाही, तो गुन्हा.

शाळेला पन्नास वर्षं होणार होती. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, फाटकापासून इमारतीपर्यंत पोरांच्या हातची शिल्पं उभी करू. येणाऱ्याला दिसू दे इथं कोण राहतं ते." मला काय, आयतंच मिळालं. इतकी वर्षं भेंडी कापून ठसे मारण्यात आणि फुलदाणी काढून घेण्यात घालवलेली. आठवीच्या पोरांचे गट पाडले. एकानं होडी घेतली, एकानं बगळा, एकानं पाटी घेतलेली कोळीण, एकानं मासा. त्या माशाला शेवटी पाय फुटल्यासारखे दिसत होते, ते जाऊ दे.

पाचव्या गटात एकच मुलगी होती, कारण तिला कुणाबरोबर काम करायचं नव्हतं. तिनं कागदावर एक माणूस काढून आणला. कमरेत वाकलेला, गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला आडवी फळी. मिठागरात धरलेलं मीठ त्या फळीनं ओढून कडेला आणतात.

"कोण गं हा?" मी विचारलं.

"बाबा," ती म्हणाली आणि मान खाली घातली.

तिच्या बाबाचा जन्म मिठागरात गेला. मग मिठागरावर भराव पडला, तो कंटेनरच्या यार्डात कामाला लागला आणि दोन वर्षांत छातीच्या दुखण्यानं गेला. मोबाइलमध्ये फोटो होते, पण सगळे लग्नाकार्यातले, इस्त्रीच्या शर्टात ताठ उभे. मीठ ओढताना त्याचा फोटो कुणी काढलाच नव्हता. काम करणाऱ्या माणसाचा कोण काढतो?

सळ्यांचा सांगाडा करून, त्याला जाळी गुंडाळून, वर सिमेंट चढवायचं असं मी शिकवलं होतं. मुलीचं काम अर्ध्यावर आल्यावर एके दिवशी शाळा सुटताना तिची आई आली. तीही मिठागरातलीच, डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिलेली. आता एका गोदामात झाडलोट करते. पदर खोचून ती त्या पुतळ्याभोवती दोनदा फिरली.

"नाक इतका सरल नव्हता त्याचा," ती म्हणाली.

मुलीनं ओलं सिमेंट खरवडून नाक पुन्हा केलं. "डावा खांदा खाली घे." खांदा खाली आला. "अजून." मग दोघी एकदम हसल्या, कारण आता तो खरंच तसा दिसायला लागला होता. त्या पोरीला मी तोवर हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बाई, नोकरीचं सार्थक झालं तुझं!

दुसऱ्या दिवशी आईनं त्याची खरी फळी आणली. घरात त्याच्या हातची तेवढी एकच वस्तू उरलेली. सिमेंटची कशाला करता, हीच द्या त्याच्या हातात, म्हणाली. मी ती फिरवून पाहिली. मिठाच्या पाण्यानं लाकूड पांढरं पडलेलं, दांडा हाताळून गुळगुळीत. एकही खिळा नव्हता तिच्यात. सगळ्या लाकडाच्या खुंट्या, त्यानंच तासून ठोकलेल्या. मी तोंडभर कौतुक केलं.

ती मात्र सांगाड्याच्या उघड्या राहिलेल्या सळ्यांकडे बघत होती. "बाई, याच्यान लोखंड नका घालू. खाऱ्यान लोखंड फुगतं नि फोडून बाहेर येतं. आमी मिठागरान खिळा पन नाय मारीत."

"अहो, हे सिमेंटच्या आत असतं," मी हसून म्हटलं. "हवा लागत नाही त्याला. एवढे पूल उभे आहेत ना? शाळा आहे तोवर हा इथून हलणार नाही, माझा शब्द."

"असंल," ती म्हणाली. "तुमी शिकलेल्या."

आणि शिकलेली मी काय करत होते? वाळू खाडीची आणली होती. खारट आहे हे मलाही ठाऊक होतं, म्हणून पोरांकडून दोनदा धुऊन घेतली. धुतली कशानं, तर शाळेच्या बोअरच्या पाण्यानं. ते पाणी इतकं मचूळ की पोरं घरून बाटल्या आणतात, मी स्वतः त्याचा चहासुद्धा पीत नाही. सिमेंटही त्यातच कालवलं. मीठ काढायला मीठच वापरलं मी! शहाणीच ना!

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फळी त्याच्या मुठीत सैल हलत होती. पाहुणे यायचे, फोटो व्हायचे, माझं डोकं फिरलेलं. ड्रिल मागवलं, दांड्याला दोन भोकं पाडली आणि दोन्ही मुठींतून आरपार लोखंडी बोल्ट घालून आवळले. वरून सिमेंट लिंपलं. मुलगी जवळ उभी होती.

"बाई, आईला विचारू का?"

"आता वेळ आहे का गं विचारायला?" मी खेकसले. तिनं बोल्ट झाकायला मला सिमेंट कालवून दिलं.

कार्यक्रम झोकात झाला. आईला काम होतं, ती दुसऱ्या दिवशी आली. मुठींकडे बघितलं, लिंपलेल्या सिमेंटवरून बोट फिरवलं. तेव्हापासून रोज कामावर जाताना फाटकातून आत यायची, कावळ्यांनी घाण केली असेल ती पुसायची आणि जायची. ट्रेलरच्या रस्त्याला तोंड करून तो मीठ ओढत उभा असायचा.

पहिला पावसाळा निभला. दुसऱ्यात त्याच्या छातीवर चहाच्या डागासारखी एक रेघ उठली. मी पुट्टी भरून रंग दिला. महिन्याभरात ती रेघ बोटभर रुंद झाली, मग डाव्या खांद्याला दुसरी, आई जसा खाली घ्यायला सांगत होती त्याच खांद्याला. बगळा तडकून गेला, होडी गेली, त्याचं मला काही नाही, पण हा? मी रोज सकाळी लवकर येऊन आईच्या आधी पुट्टी भरायचे. काय उपयोग? वरातीमागून घोडं. मुलगी तेव्हा दहावीत होती. तिला सगळं दिसत होतं. चित्रकलेच्या खोलीत यायची ती बंद झाली, इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेचा फॉर्मही तिनं भरला नाही. का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

एका मधल्या सुट्टीत त्याच्या कोपराचा लपका गळून पडला. नशीब, खाली पोरं नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, सगळंच काढून टाकू. कुणाचं डोकं फुटलं तर?" त्यांचं काय चुकलं? मी एवढंच म्हटलं, हा मी स्वतः उतरवते, जेसीबी लावू नका. आणि आईला निरोप धाडला, फळी तेवढी घेऊन जा.

रविवारी सकाळी ती आली. मुलगी आली नाही. मी छिन्नी-हातोडा घेऊन हळूहळू मुठी फोडायला लागले. आतल्या सळ्या बोटाएवढ्या होत्या त्या अंगठ्याएवढ्या फुगलेल्या, हात लावला की पापुद्रे निघत होते. मुठी सुटल्या. बोल्टही गंजून फुगले होते आणि त्यांनी दांडा दोन्ही भोकांपासून लांबीत उकलत नेला होता. मी फळी उचलली आणि ती माझ्या हातात मोडली. आडव्या फळीच्या खुंट्या मात्र जागच्या हलल्या नव्हत्या.

"मला माफ करा हो," मी म्हटलं. मला रडू आवरेना. "मी सुताराकडे नेते. जोडून आणते, आजच्या आज."

तिनं दोन्ही तुकडे माझ्याकडून घेतले, पदरानं गंज पुसला. उकललेल्या जागी तुकडा तुकड्याला लावून बघितला. बसला नाही.

"नको बाई," ती म्हणाली. "सुतार खिळाच मारील."