सगळ्यांच्या मागून जेवणारी

ताई गेल्याचा निरोप शहापूरला आला, तेव्हा रडू फुटायच्या आधी मला राग आला... आता दीड महिना होत आला, तरी तो ओसरलेला नाही.

माझी ही थोरली बहीण टोकावड्याजवळ एका शेतकरी घरात दिलेली. सासरे ओटीवर चढताना मोठ्याने खाकरत. तो त्यांचा मान. पुढे ताईच्या घशात काहीतरी अडकल्यासारखं व्हायला लागलं आणि तीही खाकरू लागली, तर तो उद्धटपणा ठरला! "बाईमाणसानं मोठ्यांपुढं खाकरायचं नाय," सासूबाईंनी बजावलं. मग ताई भांडी घासायच्या निमित्ताने परसात जाऊन घसा मोकळा करायची.

भाऊबीजेला ती आमच्याकडे आली, तेव्हा मला दिसलं. भाकरीचा एवढासा तुकडा तिने पाण्याच्या घोटाबरोबर ढकलला आणि डोळे भरून आले. विचारलं तर म्हणाली, "बोंबलाचा काटा लागला आसंल गो. पेज जाते ना, बस झालं." कधीपासून? तर भात लावला तेव्हापासून. "आणि दाजींना सांगितलं नाहीस?" "त्यांना कसं दिसंल? ते जेवून उठले का मंग आमी बसतो."

म्हणजे बघा! भरल्या घरात ती दोन्ही वेळा रांधत होती, वाढत होती. आमटीत मीठ कमी पडलं तर सगळ्यांना कळत होतं. रांधणारीच्या पोटात काय जातंय, याचा मात्र कुणाला पत्ता नाही. शेवटी मीच तिला ठाण्याला दवाखान्यात नेलं. अन्ननलिकेत गाठ होती, फार उशीर झाला होता. "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं. मागाहून पोचलेले दाजी केसपेपरची घडी घालत राहिले.

तेराव्याला जो तो म्हणत होता, "गुणाची बाय. कधी तक्रार नाय केली." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, साधं खाकरायची चोरी, तिथे ती तक्रार कशी करणार?

पुरुषांची पंगत उठल्यावर आत गेले. ताईची धाकटी जाऊ चुलीशेजारी, ताई बसायची तिथेच, भिंतीकडे तोंड करून भराभर जेवत होती. मी तिच्यासमोर बसकण मारली.

"तुमी काय बसल्या, ताय? भायेर जा ना."

"बसते. तुझा घास नीट उतरतो का, ते बघते."